टॅलेंट आपोआप वर येत नसतं! तालुका क्रीडा संकुल समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
तालुका क्रीडा संकुल समिती,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच तालुक्यातल्या एका हायस्कूलात खेळाची शिक्षिका आहे. रोज पहाटे संकुलाच्या ग्राउंडवर जी पंचवीस-तीस लेकरं पळताना दिसतात त्यांना मी शिकवते, त्यातली निम्मी तर माझ्या शाळेची पण नाहीत, आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरनं येतात. याचे मला कुणी पैसे देत नाही आणि मला ते नकोही आहेत. हेच सगळं मी आधी तुम्हाला लेखी दिलं होतं, पोच पण घेतली होती, उत्तर आलं नाही म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. कुणाचा अपमान करायचा नाहीये, पण गप्प बसणं पण जमत नाहीये.

विषय तुम्हाला माहितीये. मागच्या मीटिंगचे ठराव गेटवर लावलेत. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ग्राउंड लग्न, प्रदर्शनं आणि आनंदमेळ्याला भाड्यानं द्यायचं. गेट सकाळी आठला उघडायचं आणि खेळाडूंकडून महिन्याला ३०० रुपये घ्यायचे. मुलींची चेंजिंग रूम आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांचा विषय "निधीअभावी" पुढं ढकलायचा. आणि शेवटचा ठराव, १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिनानिमित्त एक दिवसाचा भव्य टॅलेंट हंट घ्यायचा, पहिल्याला २१ हजार आणि ट्रॉफी.

मी त्या दिवशी बाहेर थांबून आत यायची परवानगी मागितली होती आणि तुम्ही दोन मिनिटं दिलीत, त्याबद्दल आभार. पण तेव्हा एका सदस्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातनं जात नाही. ते म्हणाले, "मॅडम, ज्याच्यात खरं टॅलेंट असतं ना, तो कुठूनही वर येतो. अविनाश साबळेला कुठं ट्रॅक होता? कविता राऊत तर अनवाणी पळायची. तुम्ही सोयी-सोयी करू नका, पोरांना कष्ट करू द्या." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे ठराव या एका समजुतीवर उभे आहेत असं मला वाटतं, म्हणून हे पत्र एवढं लांबलंय, जरा सहन करा.

तुम्ही नावं घेतलीत ना, तर मग ती नावं नीट बघू.

अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, घरची शेती, शाळा सहा किलोमीटर लांब, येणंजाणं पायी नाहीतर पळत. हे सगळं खरंय आणि मी पण ते लेकरांना सांगते. पण बारावीपर्यंत पळून अविनाश काय झाला होता? कुणी ओळखत नव्हतं त्याला. बारावीनंतर तो आर्मीत गेला, ५ महार रेजिमेंटला, सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा पोस्टिंग झाल्या, आणि २०१५ नंतर तिथं आर्मीच्या क्रॉस-कंट्रीत पळायला लागला. मग अमरीश कुमार नावाच्या कोचनी त्याला स्टीपलचेसकडं वळवलं. स्टीपलचेस म्हणजे ३,००० मीटर पळताना २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याची उडी. आता मला सांगा, मांडव्यात राहून त्याला कोण सांगणार होतं की बाबा तू या खेळासाठी आहेस? आपल्या अख्ख्या तालुक्यात तो पाण्याचा खड्डा कुणी डोळ्यानं बघितलाय का? २०१८ ला त्यानं गोपाल सैनींचं १९८१ पासूनचं नॅशनल रेकॉर्ड मोडलं, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदात सिल्व्हर, सोनं फक्त ०.०५ सेकंदानं गेलं, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये गोल्ड, २०२४ ला पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. पाय त्याचेच, फुप्फुसं त्याचीच, मेहनत तर त्याचीच. पण पगार, जेवण, कोच, ट्रॅक, सोबत पळणारी तसलीच दहा पोरं, दुखापत झाली तर डॉक्टर, हे सगळं आर्मीनं दिलं. अविनाशचं उदाहरण देऊन सोयी नकोत म्हणणं म्हणजे गोष्टीचं पहिलं पान वाचून पुस्तक मिटवण्यासारखं आहे.

कविता राऊत पण तसंच. सावरपाड्याची आदिवासी पोरगी अनवाणी पळायची हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण ती नाशिकला विजेंदर सिंग सरांच्या हाताखाली आली, वर्षानुवर्षं तिथं घासलं, आणि मग २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला सिल्व्हर मिळालं. त्या पदकांच्या वेळी ती अनवाणी नव्हती. नाशिकमध्ये एक चांगला कोच बसला म्हणून त्या जिल्ह्यातनं एकामागोमाग एक पळणाऱ्या पोरी निघाल्या, कविताच्या मागं मोनिका आथरे आली, संजीवनी जाधव आली. नाशिकच्या पोरींच्या रक्तात अचानक काही वेगळं आलं का? तिथं वातावरण तयार झालं.

आणि मला सगळ्यात जास्त पटतं ते दत्तू भोकनळचं उदाहरण, ते तुम्ही घेतलं नाहीत पण घ्यायला पाहिजे. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, प्यायच्या पाण्याची बोंब असलेला भाग. वडील गेले, पोरगं विहिरी खोदायच्या कामाला जायचं. सव्वासहा फूट उंची, लांब हात, ताकद. २०१२ ला आर्मीत भरती झाला आणि तिथं कुणीतरी ती उंची बघून त्याला पुण्यात रोइंगच्या बोटीत बसवलं, ज्याला पाण्याची भीती वाटायची अशा पोराला. चार वर्षात रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या बोटीत, १३ वा, २०१८ च्या एशियाडमध्ये क्वाड्रपलच्या, म्हणजे चौघांच्या बोटीच्या टीममधनं गोल्ड. आता विचार करा साहेब, ते टॅलेंट तर तळेगावात पण होतंच की त्याच्या अंगात! जन्मापासनं होतं. पण तिथं नदी नाही, बोट नाही, कोच नाही, तर ते कुणाला दिसलं असतं? त्याला स्वतःला तरी कळलं असतं का? तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदत राहिला असता आणि आपण म्हणलो असतो, गडी ताकदीचा आहे हां.

हे मी एवढ्यासाठी सांगतेय की असे किती दत्तू आत्ता आपल्या तालुक्यात आहेत ते आपल्याला मोजताच येत नाही. जो वर आला त्याचा फोटो पेपरात येतो, शाल-श्रीफळ मिळतं, "परिस्थितीवर मात" अशी हेडलाईन येते. जो परिस्थितीखाली दबला त्याची बातमीच होत नाही. मग आपल्याला वाटायला लागतं की बघा, टॅलेंट असलं की येतंच वर. अहो जे आले तेवढेच दिसतायत आपल्याला!

आता टॅलेंट वगैरे काही नसतं, सगळी लेकरं सारखीच, असं मी अजिबात म्हणत नाहीये. ग्राउंडवर राहिलेल्या माणसाला ते लगेच कळतं. काही लेकरं पळतात तेव्हा पाय जमिनीला लागल्या लागल्या उचलला जातो, खांदे सैल असतात, तिसऱ्या राऊंडला बाकीच्यांची तोंडं उघडी पडतात तेव्हा यांचा श्वास अजून नाकातनंच चालू असतो. ते शिकवून येत नाही. ते घेऊनच जन्माला येतात. पण ते मिळाल्यावर पुढची सात-आठ वर्षं काय होतं ते ठरवणारे आपण आहोत. गेट तुमच्या हातात आहे.

मी दोन पोरींबद्दल सांगते, नावं लिहीत नाही. दोघी एकाच वर्गात होत्या, दोघींची घरं ऊसतोडीची. पहिली जी होती ती मी आजवर शिकवलेल्यांपैकी सगळ्यात गुणी. आठवीत असताना मुरमाच्या ट्रॅकवर, साध्या कॅनव्हासच्या बुटात ८०० मीटर अडीच मिनिटांच्या आत पळायची. दुसरी कायम तिच्या मागं, प्रॅक्टिसला काय आणि शाळेच्या स्पर्धेत काय, एकदाही तिनं पहिलीला मागं टाकलं नाही. नववीला दोघी जिल्ह्याला सिलेक्ट झाल्या. विभागीय स्पर्धा दिवाळीनंतर होती. आणि आपल्याकडं दसरा झाला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी निघते, कोयत्यामागं अख्खं घर जातं. पहिलीच्या घरी तिला ठेवायला कुणी नव्हतं, आजी नाही, चुलता नाही, वयात आलेली पोरगी एकटी कुठं ठेवायची? आईबापाची चूक नाही, मी त्यांच्या जागी असते तर मी पण सोबतच नेलं असतं. गेली ती कारखान्याला. दुसरीची मावशी शहरात होती, मावशीनं ठेवून घेतलं, एवढाच फरक. दुसरी विभागाला गेली, मग राज्याला गेली, आता पोलीस भरतीत निवड झालीये, आईबापाचा कोयता सुटला. पहिली मार्चमध्ये परत आली तेव्हा निम्मी झाली होती, हाताला फोड, पुढच्या वर्षी शाळा सुटली आणि लग्न झालं. आता तुमच्या हिशोबानं टॅलेंट कुणात जास्त होतं? आणि वर कोण आलं?

ऊसतोडीच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे हे मला माहितीये, शाळा सुटू नये म्हणून ती चांगलीच आहे. पण खेळणाऱ्या पोरीला पहाटे आणि संध्याकाळी ग्राउंडजवळ राहायला जागा लागते, आणि आपल्या संकुलाच्या वरच्या मजल्यावर बांधून तयार असलेल्या खोल्या कुलपात आहेत. त्यात मागच्या इलेक्शनचं सामान आणि मोडक्या खुर्च्या पडल्यात. मी निधी मागितलाच नव्हता हो, मी किल्ली मागितली होती.

आता ठरावांचं एकेक बोलते.

गेट सकाळी आठला. साहेब, आठला लेकरांची शाळेची वेळ होते आणि आपल्याकडं फेब्रुवारीपासनंच आठनंतर ऊन चढतं. लांब पल्ल्याचं पळणं पहाटेच होतं, बहुतेक ठिकाणी पहाटेच होतं. आठला गेट उघडणार म्हणजे खेळाडूंना बंद, फक्त फिरायला येणाऱ्यांना चालू. बंद झालं तर लेकरं हायवेवर पळणार, आत्तासुद्धा गेट उशिरा उघडलं की ती हायवेवर जातात, उसाचे डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर, ट्रक, अंधार. मला रोज भीती असते. उद्या एखाद्या लेकराला काही झालं तर तो अपघात म्हणून लिहिला जाईल आणि ठरावाचं नाव त्यात कुठंच येणार नाही.

महिना ३०० रुपये. तुम्हाला कमी वाटतील. ज्या घरात दोन लेकरं पळतात तिथं ६०० होतात आणि त्या पैशात महिन्याची अंडी आणि शेंगदाणे येतात. मी डाएट म्हणून लेकरांना काय सांगते? भिजवलेली मटकी, गूळ-शेंगदाणे, उकडलेलं अंडं, नाचणी मिळाली तर नाचणी. महाग काहीच नाही. तरी पण निम्म्या पोरींचं हिमोग्लोबिन कमी निघतं, सरकारी दवाखान्यात तपासलंय. त्यांच्याकडनं फी घ्यायची आणि मेळ्यातल्या पाळण्यावाल्यापुढं मात्र आपलं ग्राउंड अंथरायचं हे पटत नाही.

मेळ्याचं तर विचारूच नका. मागच्या वर्षी मांडव उतरल्यावर ट्रॅकमध्ये लोखंडी मेखांचे खड्डे तसेच राहिले, लांब उडीच्या पिटमध्ये बाटल्यांच्या काचा होत्या, वाळू चाळून आम्हीच साफ केली. एका पोराचा पाय त्या खड्ड्यात गेला, घोट्याचं लिगामेंट गेलं, अख्खा सीझन वाया. सोळाव्या-सतराव्या वर्षीचा एक सीझन म्हणजे वयोगटच निघून जातो. सतरा वर्षांखालच्या गटाला मुकला की पुढं एकदम एकोणीसच्या गटात मोठ्या पोरांबरोबर. भाड्याचे पैसे ट्रॅकवर खर्च झाले असते तर एकवेळ मी समजून घेतलं असतं, पण ट्रॅकवर मुरमाची एक ट्रॉली पण आली नाही. किती भाडं आलं, कुठं गेलं, ते गेटवर लावा ना, ठराव लावता तसंच.

मुलींची खोली. याच्यावर मला पुरुषांच्या मीटिंगमध्ये बोलायला अवघड गेलं होतं, म्हणून इथं सरळ लिहिते. संकुलात मुलींसाठी चालू असलेलं संडास-बाथरूम नाही. आहे त्याला पाणी नाही आणि कडी नाही. सातवीपर्यंत ग्राउंडवर मुलं-मुली जवळपास सारख्या असतात. आठवी-नववीत पाळी सुरू झाली की महिन्यातले चार-पाच दिवस पोरी येत नाहीत, कपडे बदलायला जागा नाही म्हणून घरनंच ट्रॅक पॅन्टवर ड्रेस घालून येतात, येता-जाता पोरं बोलतात, मग घरचे म्हणतात बास झालं पळणं. याला आपण "मुलींना पुढं इंटरेस्ट राहत नाही" असं म्हणतो. अहो इंटरेस्ट जात नाही, जागा संपते. ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची, तो पण आपल्यासारखाच दुष्काळी पट्टा, खो-खोमधनं पळण्याकडं आली, रेल्वेनं नोकरी दिली, नॅशनल कॅम्प मिळाला आणि रिओला स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पोचली. ट्रॅकवरच्या फायनलमध्ये भारताची बाई त्याआधी १९८४ ला पी. टी. उषा होत्या. बत्तीस वर्षं! या बत्तीस वर्षात देशात गुणी पोरी जन्मल्याच नाहीत असं तर नाही ना?

आता टॅलेंट हंट. मला माहितीये यात तुमचा हेतू चांगला आहे आणि बक्षिसाचे पैसे काही जण खिशातनं देणारेत. पण एका दिवसात टॅलेंट सापडत नसतं. चौदा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं लेकरू एकत्र उभं राहतं, त्या वयात अकरा महिने म्हणजे तीन-चार इंच उंची आणि आठ-दहा किलोचा फरक पडू शकतो. कॅनडात आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांवर १९८० च्या दशकात याचा अभ्यास झाला होता, तिथं वयाची कट-ऑफ १ जानेवारी होती आणि वरच्या टीममध्ये बघावं तर जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेलीच पोरं जास्त. म्हणजे लहानपणी जो थोडा मोठा होता त्याला टॅलेंटेड म्हणून निवडलं, त्याला चांगला कोच मिळाला, जास्त मॅचेस मिळाल्या आणि तो खरंच पुढं गेला. लहानखुरं राहिलेलं लेकरू घरी गेलं. आपल्याकडं तर आणखी घोळ, शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली लेकरं अजून पण आहेत, खरं वय कुणालाच माहीत नाही. १५ जानेवारीला जो सगळ्यात दणकट दिसेल त्याला तुम्ही २१ हजार देणार, आणि १६ जानेवारीला तो कुठं प्रॅक्टिस करणार? ग्राउंडवर तर तेव्हा मेळा असेल.

आणि दिवस कुणाचा निवडलाय बघा. १५ जानेवारी म्हणजे खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. १९५२ ला हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल आणणारा माणूस. कराडजवळच्या गोळेश्वरचे, वडील पैलवान, घरात लहानपणापासनं लाल माती, भोवतीनं कोल्हापूर-कराडचा तालमींचा मुलूख, जिथं शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, १९१२ ला खासबागचं मैदान उभं केलं. १९४८ ला लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, मॅटवर पहिल्यांदा खेळले आणि सहावे आले. पुढच्या वेळी जायला पैसे नव्हते तर गावानं वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. विचार करा, एका प्रिन्सिपलनं विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकलं! खाशाबा कोणत्याही परिस्थितीत मोठे पैलवानच झाले असते हे मी मान्य करते. पण हेलसिंकीची वाट त्या घरामुळं आणि त्या वर्गणीमुळं मिळाली. त्यांच्या फोटोला हार घालून त्याच दिवशी "टॅलेंट असेल तर येईल वर" म्हणणं हे मला सहन होत नाही.

खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल मिळायला ७२ वर्षं लागली. स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ. खेड्यातल्या पोराच्या हातात रायफल कशी आली? वडिलांनी २००९ ला त्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं, तिथं राहायचं-खायचं-शिकायचं आणि खेळायचं एकाच ठिकाणी, तिथं त्यानं नेमबाजी निवडली, पुढं दीपाली देशपांडे यांच्यासारख्या ऑलिम्पियन कोच मिळाल्या, रेल्वेत टीसीची नोकरी मिळाली. चौदाव्या वर्षी घातलेलं पोरगं एकोणतिसाव्या वर्षी मेडल घेऊन आलं. पंधरा वर्षं कुणीतरी त्याच्या मागं उभं होतं.

बाहेरच्या देशाचं एकच सांगते कारण त्यात एक शिक्षक आहे. केनियात इटेन नावाचं छोटं गाव आहे, साधारण २,४०० मीटर उंचीवर. तिथले लोक जन्मजात पळणारे असं जग म्हणतं आणि त्यात थोडं तथ्य असेलही, उंचीवरची विरळ हवा, बारीक अंगकाठी. पण १९७६ ला तिथल्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलवर कॉल्म ओकॉनेल नावाचे आयरिश ब्रदर भूगोल शिकवायला आले, अॅथलेटिक्सचं काही ट्रेनिंग नाही, लेकरांबरोबर ग्राउंडवर थांबत थांबत शिकले, राहायची शाळा असल्यामुळं लेकरं हाताशी. त्यांच्याच हाताखालच्या डेव्हिड रुडिशानं २०१२ ला लंडनमध्ये ८०० मीटर १:४०.९१ ला पळून वर्ल्ड रेकॉर्ड केलं. आपल्याकडं तेवढी उंची नाही, मान्य. पण राहायची जागा, उघडं गेट आणि रोज येणारा एक माणूस, हे तर आपल्याला जमण्यासारखं आहे की नाही?

म्हणून माझ्या मागण्या, साध्या आहेत. गेट पहाटे पाचला उघडा आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत ठेवा, शाळेत जाणाऱ्या लेकरांना फी माफ, कायमची. ट्रॅक आणि लांब उडीचं पिट कुठल्याही कार्यक्रमाला भाड्यानं देऊ नका, मेळा बाजारतळावर घ्या, पूर्वी तिथंच भरायचा. मुलींच्या बाथरूमला पाणी, कडी, लाईट आणि एक खोली, आणि गेटपासनं रस्त्यापर्यंत दोन दिवे, हे १५ जानेवारीच्या आत व्हायला पाहिजे कारण याला काही महिने लागत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दसऱ्यापासनं मार्चपर्यंत ऊसतोड घरांतल्या खेळाडू मुलींना राहायला द्या. रात्री थांबायला महिला कर्मचारी लागेल, तोपर्यंत आम्ही तीन शिक्षिका आळीपाळीनं थांबायला तयार आहोत, तसं मी लिहून देते. जेवणाचं गावातल्या दोन महिला बचत गटांशी बोलणं झालंय.

टॅलेंट हंट रद्द करा असं मी म्हणणार नाही. पण ते बक्षिसाचे पैसे वर्षभर वापरा. जून ते मार्च दर महिन्याला सगळ्या शाळांच्या लेकरांची टायमिंग, उंची, वजन लिहून ठेवू, वही मी सांभाळते, आणि वर्षभरात कोण किती सुधारलं ते बघून दहा-पंधरा लेकरांना स्पाइक्स (पळायचे खिळ्यांचे बूट) आणि खुराक द्या. सुधारणा दिसते तिथं टॅलेंट असतं, हे मी अनुभवानं सांगते. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, खेळाच्या सर्टिफिकेटवर घरं उभी राहतात, आणि त्यासाठीच या आयाबाया लेकरांना पहाटे साडेचारला उठवून पाठवतात. आणखी एक, समितीत एक महिला आणि एक पालक घ्या, आणि भाड्याचा जमा-खर्च दर तिमाहीला गेटवर लावा.

आम्ही नुसतं मागत नाहीये. ट्रॅकचे खड्डे बुजवायला पालक श्रमदानाला येणारेत, मुरूम देतो म्हणून एका शेतकरी भाऊंनी शब्द दिलाय, ट्रॅक्टर पण मिळतोय. फक्त आठला गेट उघडणार असेल तर हे काम करायचं कधी, एवढं सांगा.

पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय घ्या आणि तारीख आधी कळवा. त्या दिवशी पालक येणारेत, पोरी पण येणारेत. आम्हाला दोन मिनिटं पुरणार नाहीत, अर्धा तास ठेवा. दसरा जवळ आलाय आणि माझ्याकडं यंदा पाच पोरी अशा आहेत ज्यांच्या घरची टोळी निघायची तयारी सुरू झालीये, त्यांच्या आयांना मी सांगितलंय की समितीचं उत्तर येईपर्यंत थांबा. त्यांना काय सांगू ते मला दसऱ्याच्या आधी लेखी कळवा.

आपली,
ग्राउंडवरची एक शिक्षिका